मांसाचें वेष्टन

श्रावणांत कोंकणांतील घरोघरीं पातोळे होतात. हळदीच्या पानावर तांदुळाच्या पिठाचा पातळ लेप द्यावयाचा, त्यावर नारळ व गूळ यांचें सारण पसरावयाचें, पान दुमडावयाचें आणि तें वाफेवर ठेवावयाचें, एवढीच त्याची कृति. पातोळा शिजला म्हणजे पान सोलून टाकितात. पण तोंवर त्यानें दोन कामें पार पाडलेलीं असतात. पदार्थाला त्यानें आकार दिलेला असतो आणि आपला सुवास त्यांत उतरविलेला असतो. तें पान वाफेनें फाटत नाहीं, उष्णतेनें वितळत नाहीं व पदार्थाला घट्ट चिकटूनहि बसत नाहीं. वेष्टनासकट अन्न शिजविण्याच्या कलेंत याहून सोपा धडा सांपडणें कठीण.

यूरोपांतील शेतकऱ्यांपुढें हाच प्रश्न मांसाच्या बाबतींत उभा राहिला, आणि तेथें तो अधिक बिकट होता. पातोळा सायंकाळपर्यंत संपतो; हिंवाळ्याच्या तोंडीं मारलेल्या डुकराचें मांस मात्र कित्येक आठवडे पुरवून खावें लागे. तें बारीक चिरून, मीठ व मसाला लावून, त्याच जनावराच्या स्वच्छ धुतलेल्या आतड्यांत भरण्याची युक्ति फार प्राचीन आहे. सॉसेज तें हेंच. आतडें चिवट असतें, ताणलें जातें, खातांहि येतें. आणि मुख्य म्हणजे त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते व धूर आंत शिरतो. त्यामुळें मांस हळूहळू वाळतें आणि धुरानें मुरतें. गोव्यांतील चोरीस याच जातीचा पदार्थ आहे. पोर्तुगीजांनीं आणलेली ती रीत गोव्यांतील हातांनीं माडाच्या सुरेचा शिरका, लाल मिरची व लसूण घालून आपलीशी केली, आणि मण्यांच्या माळेसारखी दोऱ्यानें बांधून उन्हांत टांगली. चोरीस टिकतें तें मीठ, आंबटपणा आणि वाळणें या तिघांच्या बळावर. आतड्याचें काम त्यांना वाट करून देण्यापुरतेंच असतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढच्या सर्व इतिहासांत तिचा विसर पडण्याचा धोका वारंवार आढळतो.

कारखान्यांचें युग आलें तेव्हां आतड्याचे दोष दिसूं लागले. एक आतडें रुंद तर दुसरें अरुंद, एक जाड तर दुसरें विरळ. धुण्याचे श्रम मोठे आणि पुरवठा कसाईखान्यावर अवलंबून. यंत्राला तर सारख्या मापाची, मैल न् मैल लांबीची नळी हवी होती. कोणी जनावरांच्या कातड्याच्या आंतील थरांतून कोलॅजेन काढून त्याच्या नळ्या बनविल्या. शिकागो येथें अर्विन फ्रॉइंड यांनीं १९२५ सालीं सेल्युलोजच्या नळ्यांचा कारखाना काढला. सरकी पिंजल्यावर तिला चिकटून राहणारा जो आंखूड कापूस, त्याचें सेल्युलोज विरघळवून पुन्हां नळीच्या आकारांत घट्ट करावयाचें, हें त्यांतील तत्त्व. अशा नळीत मांस शिजवून घेतात, त्याला स्वतःचा आकार आला कीं नळी सोलून काढतात. अमेरिकेंत विकलें जाणारें बिनसालीचें सॉसेज याच मार्गानें जन्मास आलें.

या सेल्युलोजच्या नळीच्या वांट्यास एक अनपेक्षित मान यावयाचा होता. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं व्यापलेल्या हॉलंडमध्यें, कांपेन गांवच्या रुग्णालयांत, डॉ. विलेम कोल्फ हे निकामी मूत्रपिंडाचें काम यंत्राकडून करून घेण्याच्या खटपटींत होते. सॉसेजच्या सेलोफेन नळींत रक्त ठेवून ती मिठाच्या पाण्यांत बुडविली, तर रक्तांतील युरिया नळीबाहेर पडतो, असें त्यांना दिसून आलें. १९४३ सालीं त्यांनीं ती नळी फिरत्या पिंपाभोंवतीं गुंडाळून पहिलें कृत्रिम मूत्रपिंड उभें केलें. १९४५ मध्यें त्याच्या साह्यानें ६७ वर्षांच्या एका स्त्रीचे प्राण वांचले. ज्या सूक्ष्म छिद्रांतून सॉसेजमध्यें धूर शिरे व पाणी निघून जाई, त्याच छिद्रांनीं रुग्णाच्या रक्तांतील मळ गाळून काढिला.

परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीनें तींच छिद्रें म्हणजे तोटा होता. पाणी निघून गेलें कीं वजन घटतें. प्राणवायु आंत आला कीं चरबी खवट होते व मांसाचा गुलाबी रंग करडा पडतो. कांहींहि आंत-बाहेर जाऊं न देणारी नळी मिळाली तर वजन कायम राहील आणि माल अधिक दिवस दुकानांत ठेवतां येईल, हा विचार सुचण्यास विलंब लागला नाहीं. आणि त्यास लागणारीं द्रव्यें जवळजवळ एकाच दशकांत रसायनशाळांतून बाहेर पडलीं. १९३३ च्या मार्चमध्यें इंग्लंडांत पॉलिथिन प्रथम हातीं आलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत राल्फ वायली यांना प्रयोगशाळेंतील एक कुपी कांहीं केल्या घांसून निघेना; तिला चिकटलेलें तें द्रव्य म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड, वायूला व पाण्याला सारखेंच अडविणारें. १९३५ सालीं वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेंत नायलॉन तयार झालें, आणि १९३८ मध्यें जर्मनींत पाउल श्लॅक यांनीं त्याचा दुसरा प्रकार, नायलॉन ६, सिद्ध केला.

एवढीं द्रव्यें हातांशीं असूनहि सर्वगुणसंपन्न असें त्यांत एकहि नव्हतें. नायलॉन चिवट असतें, सुमारें २२० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाहीं आणि कोरडें असतां प्राणवायूला चांगलें अडवितें. पण तें पाणी पितें, आणि ओलें झालें कीं त्याचा अडथळा ढिला पडतो. पॉलिथिनचा स्वभाव याच्या उलट. पाण्याची वाफ त्यांतून सहसा जात नाहीं, परंतु प्राणवायु मात्र सहज जातो. १९७२ पासून जपानांत एथिलीन व व्हिनिल अल्कोहोल यांचें एक संयुक्त द्रव्य बाजारांत आलें. प्राणवायूला अडविण्यांत त्याचा हात धरणारें द्रव्य विरळा. पण ओलाव्यानें त्याचेंहि सामर्थ्य खचतें. सारांश, एकाचा गुण दुसऱ्याचा दोष झांकील अशा रीतीनें त्यांना एकत्र बसविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. बहुपदरी वेष्टनाचा जन्म या अडचणींतून झाला.

नेहमींच्या पांचपदरी नळीची रचना पाहिली म्हणजे हें स्पष्ट होतें. बाहेर नायलॉन, मध्यें पॉलिथिन आणि मांसाला लागून पुन्हां नायलॉन, असे तीन मुख्य पदर. पण नायलॉन पाण्याचें सोयरें, तर पॉलिथिन तेलाच्या कुळांतलें. तीं एकमेकांस चिकटत नाहींत. यास्तव त्या दोहोंमध्यें, दोन्हीं बाजूंस, एकेक मध्यस्थ पदर घालावा लागतो. हा मध्यस्थ पॉलिथिनच्याच वंशांतला असतो, परंतु त्याच्या साखळीला नायलॉनशीं हातमिळवणी करणारे रासायनिक गट जोडलेले असतात. अशा पांच पदरांची मिळून जाडी बहुधा ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे साधारणपणें माणसाच्या केंसाएवढी किंवा त्याहूनहि कमी भरते.

नळी बनविण्याची कृतिहि ऐकण्याजोगी आहे. प्रत्येक द्रव्याचे दाणे निरनिराळ्या यंत्रांत वितळवितात आणि ते सर्व रस एकाच गोल फटींतून एकदम बाहेर दाबतात. निघालेली नळी प्रथम थंड करतात, मग थोडी तापवून तिच्यांत हवा भरतात व ती लांबीनें आणि रुंदीनें ताणतात. या ताणामुळें द्रव्याच्या लांबट रेणूंना शिस्त लागते, नळीची ताकद वाढते, आणि तिला तापल्यावर आक्रसण्याची संवय जडते. मांस थंड होतांना आकसतें. वेष्टन तसेंच राहिलें तर दोहोंमध्यें पोकळी पडून तेथें चरबी व रस सांचतो. आक्रसणारें वेष्टन मांसाच्या अंगाबरोबर राहतें आणि त्याला सुरकुती पडत नाहीं.

अशी नळी हार्मोनियमच्या भात्याप्रमाणें चुण्या घालून गिऱ्हाइकाकडे जाते. तेथें ती बहुधा कोमट पाण्यांत भिजवितात, म्हणजे नायलॉन मऊ पडतें. मग यंत्रानें मांसाचा लगदा ठासून भरून दोन्ही टोकांस धातूची चिमटी लावितात. पुढें ती पाण्यांत किंवा वाफेंत अशी शिजवितात, कीं मांसाच्या गाभ्याची उष्णता सत्तर अंशांच्या वर जाईल. मांस ज्या वेष्टनांत शिजलें त्याच वेष्टनांत तें थंड होतें व विकलें जातें. मध्यंतरीं त्याला हवा वा हात लागत नाहीं. वजन घटत नाहीं, रस गळत नाहीं, रंग टिकतो. हे फायदे खरे आहेत व ते नाकारण्याचें कारण नाहीं.

मात्र या घट्टपणाची किंमत मोजावी लागते. धूर आंत शिरत नाहीं. म्हणून धुराची चव हवी असल्यास धुराचा अर्क आंतून लावावा लागतो, किंवा मुद्दाम झिरपणाऱ्या नायलॉनची एकपदरी नळी वापरावी लागते. वाळवून मुरविलेल्या सलामीला तर हें वेष्टन निरुपयोगीच; कारण ती आपल्या वजनाचा सुमारें तिसरा हिस्सा पाण्याच्या रूपानें टाकते, तेव्हांच ती सलामी होते. परंतु याहून गंभीर असा एक प्रश्न आहे, व तो चवीचा नसून प्राणांचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील वुर्टेंबर्ग प्रांतांत सॉसेज खाऊन माणसें मरत. डोळ्यांच्या पापण्या गळत, गिळतां येत नसे, आवाज जाई, श्वास कोंडे. आणि बहुतेक वेळीं शुद्ध मात्र शेवटपर्यंत कायम राही. युस्टिनस केर्नर नांवाच्या वैद्यानें या प्रकारांची कसून चौकशी केली. हा गृहस्थ कवीहि होता. १८२० सालीं त्यानें ७६ रोग्यांचा आणि १८२२ मध्यें १५५ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या विषाचा अर्क त्यानें स्वतःवरहि अजमावून पाहिला, आणि हवा न मिळणाऱ्या ठिकाणीं तें उत्पन्न होतें असें त्यानें ताडलें. १८९५ च्या डिसेंबरांत बेल्जममधील एलेझेल गांवीं खारविलेल्या मांसानें पुन्हां अनर्थ ओढवला, तेव्हां एमिल फान एर्मेंगेम यांनीं त्याला कारण असलेला जंतु वेगळा करून दाखविला. लॅटिन भाषेंत सॉसेजला ‘बोटुलस’ म्हणतात. त्यावरून या रोगाला बोट्युलिझम असें नांव पडलें.

या जंतूला प्राणवायु सोसत नाहीं. त्याचीं बीजुकें उकळत्या पाण्यांतहि टिकाव धरतात. मग सत्तर-पंचाहत्तर अंशांची काय कथा! म्हणजे खवटपणा आणणाऱ्या हवेला बाहेर ठेवणारें वेष्टन या शत्रूला मात्र मोकळें रान करून देतें. त्याला आंवर घालतें तें मीठ, नायट्रायट हें क्षार आणि अखंड थंडी. कारखान्यानें पहिलीं दोन घातलीं तरी तिसरी राखणें दुकानदाराच्या व गृहिणीच्या हातीं राहतें. वेष्टन फुगलेलें नाहीं व वास चांगला आहे, एवढ्यावरून निःशंक होणें बरें नव्हे. हें विष नेहमींच वासावरून ओळखूं येतें असें नाहीं.

दुसरा धोका अलीकडच्या काळांतला आहे. २०१७ व २०१८ या दोन वर्षांत दक्षिण आफ्रिकेंत लिस्टेरिया नांवाच्या जंतूची मोठी सांथ आली. एक हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेंहून अधिक दगावले. त्यांत नवजात बालकें पुष्कळ होतीं. तपासाअंतीं मूळ सांपडलें तें तेथील गोरगरिबांच्या रोजच्या खाण्यांतल्या पोलोनींत. पोलोनी हें प्लॅस्टिकच्या नळींत शिजविलेलें जाड, स्वस्त सॉसेज होय. त्या कारखान्याच्या आवारांतहि तोच जंतु मिळाला. लिस्टेरिया शिजविण्यानें मरतो. पण शिजविल्यानंतर कापतांना, बांधतांना किंवा वेष्टनाच्या बाहेरील अंगावरून तो पुन्हां येऊं शकतो, आणि फ्रिजच्या थंडींतहि तो हळूहळू वाढतो. केर्नरचा धडा बंद वेष्टनाच्या आंतील शत्रूचा होता. हा धडा वेष्टन उघडल्यानंतरच्या शत्रूचा आहे.

शहरांतील कित्येक घरांत आतां सॉसेज व सलामी येतात. त्यांच्यासाठीं निघणारे नियम थोडे व सोपे आहेत. माल थंड पेटींतूनच घ्यावा आणि घरीं येतांच फ्रिजमध्यें ठेवावा. वीज बराच वेळ गेली असेल तर वेष्टनावरील तारखेवर विसंबूं नये, कारण ती तारीख थंडी अखंड राहील या गृहीतावर छापलेली असते. वेष्टन एकदां कापलें कीं त्याचें रक्षण संपलें. मग तो पदार्थ ताज्या शिजविलेल्या मांसाप्रमाणें दोन-चार दिवसांत संपवावा. गरोदर स्त्रिया, वृद्ध व अशक्त माणसें यांनीं तो वाफ निघेपर्यंत आंतून तापवूनच खावा. आणि प्लॅस्टिकची साल, ती कितीहि पातळ असली तरी, खाण्यासाठीं नाहीं. कापण्यापूर्वीं ती पुरती सोलून काढावी.

सोललेल्या त्या सालीचें पुढें काय होतें, हा प्रश्न उरतोच. हळदीचें पान परसांत टाकलें कीं त्याची माती होते. पांच पदरांची नळी मात्र कुजत नाहीं, आणि तिचे पदर पुन्हां वेगळे करणेंहि जवळजवळ अशक्य. नायलॉन व पॉलिथिन एकत्र वितळविलीं तर त्यांचा चांगला माल होत नाहीं. ज्या मध्यस्थानें त्यांचा संसार जुळविला, त्याला तो मोडतां येत नाहीं. भारत सरकारच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याविषयींच्या नियमांत बहुपदरी वेष्टनांची स्वतंत्र दखल घेतली गेली ती याच कारणानें. एकाच द्रव्याच्या निरनिराळ्या प्रकारांतून पदर घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यांची दिशा योग्य आहे.

आतड्यापासून नायलॉनपर्यंतच्या या प्रवासांत माणसानें वेष्टन उत्तरोत्तर घट्ट केलें. पण आंत जें भरलें असेल त्याचेंच तें रक्षण करतें; चांगलें असेल तर चांगल्याचें, वाईट असेल तर वाईटाचें. स्वच्छता, मीठ आणि थंडी यांचें काम त्यानें केव्हांच केलें नाहीं. गोव्यांत उन्हांत चोरीस टांगणाऱ्या बाईला हें ठाऊक असतें. फ्रिज उघडणाऱ्या गृहिणीनेंहि तें विसरूं नये.