मनाच्या गोळीनं डोकं दुखलं तर

आजचा विषय बायका एकमेकींच्या कानातच सांगतात. मन उदास राहतं, झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. चार दिवस झाले नाहीत तोच डोकं ठणकायला लागलं. आता काय करायचं?

मुरबाड, शहापूर, कसाऱ्याकडच्या कितीतरी जणी औषधपाण्यासाठी कल्याणला येतात. एसटी नाहीतर लोकल, वर रांग. दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून पुन्हा दाखवायला जायचं राहून जातं. मग घरातलं कुणी म्हणतं, "डोक्याच्या गोळ्या त्या, डोकं बिघडवणारच. टाक बंद करून." गटाच्या बैठकांत हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. म्हणून आज नीट समजून घेऊया.

या गोळ्यांनी डोकं दुखू शकतं का? हो, दुखू शकतं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही नावं तुमच्या पाकिटावर असतील. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं, त्यावर या गोळ्या काम करतात. तेच द्रव्य मनःस्थितीशीही जोडलेलं आहे आणि दुखण्याच्या जाणिवेशीही. म्हणून सुरुवातीला डोकं दुखणं, मळमळणं, झोप बिघडणं असं होऊ शकतं. बहुतेकींना हा त्रास एक-दोन आठवड्यांत कमी होतो.

पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. म्हणजे त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो. मधल्या याच दिवसांत बायका गोळी सोडतात. त्रास सोसून झालेला असतो आणि फायदा पदरात पडायच्या आतच औषध थांबतं.

आता अर्धशिशी. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे अर्धशिशी नव्हे. अर्धशिशीत बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसवत नाही, कामाला हात लावला की दुखणं वाढतं. हे काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं. जिला आधीपासून अर्धशिशी आहे, तिचा त्रास गोळी सुरू झाल्यावर वाढू शकतो. पण उदासीनता आणि अर्धशिशी ही दोन्ही दुखणी मुळातच पुष्कळदा जोडीनं येतात. त्यामुळे दोष दरवेळी गोळीचाच असतो असं नाही. गंमत अशी, की अमिट्रिप्टिलिन हे उदासीनतेवरचं जुनं औषध कमी प्रमाणात अर्धशिशी टाळण्यासाठीच देतात.

मग ओळखायचं कसं? भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. गोळी सुरू झाली त्या तारखेला फुली मारा. डोकं दुखेल त्या दिवशी गोल करा. पाळीच्या दिवसांखाली रेघ ओढा. उपास घडला, जागरण झालं, उन्हात लावणी-कापणी केली, तर त्याचीही एक खूण. लिहितावाचता येत नसेल तरी हे जमतं. महिन्याभरात दिसेल, की गोल फुलीनंतर सुरू झाले की पाळीपाशी जमलेत, की उपाशी दिवशी येतात. ते पान डॉक्टरांना दाखवा. पाळणा लांबवायच्या गोळ्या, म्हणजे माला-एन, माला-डी घेत असाल तर तेही सांगा. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा चमक दिसत असेल, तर त्या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात.

आता तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली, गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. एकदम सोडल्यानंही डोकं दुखतं, चक्कर येते, अंगात वीज चमकल्यासारखं होतं, जीव घाबरतो. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, वेळ बदलू शकतात, दुसरी गोळी देऊ शकतात. थांबवायचीच असेल तर तेही हळूहळू.

दुसरी, दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज घेऊ नका. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या उदासीनतेच्या औषधासोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. आणि महिन्यातले दहा-पंधरा दिवस दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखत राहतं. अर्धशिशीची खास गोळी दुसऱ्या डॉक्टरांकडून घेत असाल, तर दोघांनाही दोन्ही पाकिटं दाखवा.

तिसरी, काही वेळा थांबायचंच नाही. अचानक, आजवर कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, हातपाय लुळा पडणं, जीभ अडखळणं, ताप येऊन मान ताठणं, भ्रम होणं, झटका येणं, असं काही झालं तर तडक दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. वयस्कर बाईला या गोळीवर डोकेदुखीसोबत गोंधळल्यासारखं झालं, तर रक्तातलं मीठ कमी झालेलं असू शकतं, तेव्हाही लगेच दाखवा. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः तरुण मुलींना, फार बेचैनी आली किंवा जीव नकोसा वाटला, तर तिला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

कल्याणला जायला जमत नसेल तर आधी फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथं पाय ठेवला म्हणजे वेडाचा शिक्का बसला, ही भीती मनातून काढा. बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन संध्याकाळी घरी येता येतं.

शेवटी गटांना एक विनंती. बैठकीत कर्जाचे हप्ते विचारतो, तसं गोळी सुरू झालेल्या बाईला पहिले सहा आठवडे विचारा, "कसं वाटतंय? डोकं दुखतंय का?" तिच्यासोबत दवाखान्यात एक जण जा. त्या दिवशी तिचं पोर कुणीतरी सांभाळा. गोळी सोडायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्या दारापर्यंत तिला पोचवणं मात्र आपल्या हातात आहे.