रिपोर्टवरचा ‘हर्पीस’

आजच्या आजाराचं नाव घेताना आपला आवाज आपोआप खाली जातो. हर्पीस. घरात माणसं असतील तर रेडिओ जरा बारीक करा, बंद मात्र करू नका.

आधी नावाचा घोळ. अंगावर एका बाजूला फोडांचा पट्टा उठला की आपण ‘नागीण’ म्हणतो, आणि डॉक्टर तिला हर्पीस झोस्टर लिहितात. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. आपण बोलतोय तो वेगळा, हर्पीस सिम्प्लेक्स. त्याचे दोन प्रकार. पहिला बहुधा ओठावर येतो. तापानंतर ओठाच्या कडेला पुळ्या आल्या की आजी म्हणायची ना, ‘ताप मुतला’? तो हाच. पुष्कळांना तो लहानपणीच लागतो, लाडाने घेतलेल्या पाप्यांतून. दुसरा शरीरसंबंधातून येतो, जांघेत आणि मायांगावर. पण पहिलाही तोंडावाटे खाली पोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे जगात पन्नाशीच्या आतल्या शंभरातल्या ६४ जणांना पहिला प्रकार आहे, आणि १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या १३ जणांना दुसरा. बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

आता घराघरातलं भांडण. एखादीचा गर्भ दोनदा पडला की पुष्कळदा ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी लिहून दिली जाते. त्यात हर्पीसही असतो. कागदावर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ येतं, कुणीतरी मोबाईलवर अर्थ शोधतं, आणि सुरतेला कामाला असलेला नवरा फोनवर विचारतो, “कुणाकडून आणलं?” किंवा बायको त्याला तेच विचारते. सासू तिसरंच काही. बाईची पिशवी भरून तिला माहेरी धाडायची वेळ येते.

त्या कागदाचा अर्थ एवढाच, की शरीराची त्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. कधी आणि कुणाकडून, ते त्यात लिहिलेलं नसतं. काही रिपोर्टांत तर दोन्ही प्रकार एकत्रच मोजलेले असतात, म्हणजे लहानपणीचा ओठावरचाही त्यातच आला. आकडा काठावरचा असेल तर रिपोर्ट चुकूही शकतो. शिवाय हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर पहिला फोड आला, म्हणून काल काही घडलं असं होत नाही. नवरा निर्दोष आहे असंही तो कागद सांगत नाही, हेही खरं. त्याच्यावरून न्याय करताच येत नाही.

खरी तपासणी फोड असताना होते. बारीक फोडांचा पुंजका, आग, लघवीला चरचर, ताप. असं दिसलं की पहिल्या एक-दोन दिवसांत दाखवा, म्हणजे जखमेवरचा ओलावा घेऊन तपासता येतो. काहीच त्रास नसताना उगाच रक्त देऊन फारसं कळत नाही. नुकतीच लागण झाली असेल तर रक्तात दिसायला तीन महिनेही लागू शकतात. मात्र एचआयव्ही आणि गरमीची तपासणी दोघांनी करून घ्यावी.

औषध आहे, असायक्लोविर. सरकारी दवाखान्यात लाल रंगाच्या पाकिटात मिळतं. विषाणू अंगातून जात नाही, पण जखमा लवकर भरतात आणि पुढे त्रासाच्या खेपा बहुधा कमी होत जातात. मुंग्या, आग किंवा फोड असताना संबंध नको. एरवी निरोध वापरा. धोका कमी होतो, संपत नाही, कारण फोड नसतानाही लागण होऊ शकते. ताटाने, संडासाने, बाजेने हा पसरत नाही, म्हणून सुनेचं ताट वेगळं काढणाऱ्यांनी ते परत आत ठेवावं. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवं. शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो, आणि कळा सुरू होताना फोड असतील तर सिझर करतात.

नवऱ्याशी बोलायचं कसं? तो गावाहून आला त्याच रात्री नको. फोनवरही नको. जेवण झाल्यावर, पोरं झोपल्यावर म्हणा, “अहो, मला असं असं झालंय. कुणाचं चुकलं ते मी विचारत नाही. दोघं मिळून दाखवून येऊ.” तो चिडलाच तर आपण एकटीने जायचं, थांबायचं नाही.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे रुग्णालयात जा. केसपेपरच्या खिडकीवर ‘त्वचारोग’ एवढंच म्हणा, आत गेल्यावर ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट लागतो. आणि ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल, तर जळगावच्या बाईने धुळ्याची एसटी धरावी, धुळ्याच्या बाईने जळगावची.