दिवेलागणीचा एक तास
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीत मशीनवर उभा राहणारा माणूस. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. म्हणून मोठा विषय न घेता एकच विचारतो. शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत आपली लहान पोरं काय करतात?

इचलकरंजीच्या मागावर किंवा सूतगिरणीत जाणाऱ्या घरात दिवस पाळीप्रमाणे फिरतो. बाप दुसऱ्या पाळीला, आई मजुरीवरून दिवेलागणीला येते. पोरानं टाकलेलं दप्तर सकाळीच उचललं जातं. विचारलं तर आई म्हणते, "आम्हाला कुठं वाचाय येतंय? अभ्यास काय घेणार?"

माता-भगिनींनो, बाबासाहेबांचं बालपण आठवा. परळच्या चाळीत एकच खोली. सुभेदार रामजीबाबा भीमरावाला लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि रात्री दोनला त्याला उठवून मग आपण आडवे होत. रामजीबाबा शिकलेले होते, ते शिकवीतही. पण त्या रात्री त्यांनी मुलाला काय दिलं? ठरलेली वेळ आणि शांत जागा. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. वेळ आणि जागा द्यायला अक्षरओळख लागत नाही.

आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. नुसती शाळा पुरत नाही, शाळेबाहेर बसून वाचायला जागा लागते, हे महाराजांनी ओळखलं होतं. १९२० साली आपल्याच तालुक्यातल्या माणगावला ते बाबासाहेबांच्या परिषदेला आले. त्या मातीत आपण राहतो.

आणि आपला विहार? पौर्णिमेला आणि जयंतीला उघडतो. बाकी दिवस कुलूप.

माझी सूचना अशी. रोज संध्याकाळी सहा ते सात विहार पोरांसाठी उघडा. शाळेतून आल्यावर आधी हातपाय धुणं, खाणं, मग खेळ. खेळून आलेलं पोर बसतं. सहाला चटईवर. पहिली दहा मिनिटं मोठ्यानं वाचन, मग शाळेचा अभ्यास, शेवटी पाढे. पहिली-दुसरीच्या मुलांना घरचा अभ्यास देऊ नये, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरणच सांगतं. त्यांना अर्धा तास गोष्टी, चित्रं पुरेत. आठवी-नववीच्या मुलांनी धाकट्यांना सांगावं, पण उत्तर लिहून देऊ नये. मारायचं नाही. मोबाईल दाराबाहेर.

पाळीप्रमाणे दोन मोठी माणसं हजर राहतील. पहिल्या पाळीवाले या आठवड्याला, दुसऱ्या पाळीवाले पाळी बदलल्यावर. मुलींना त्या तासाला पाण्याला, भाकरीला धाडू नका. घरी आल्यावर आईनं एवढंच म्हणावं, "वही दाखव, आज काय केलंस ते सांग." आईला वाचता येवो न येवो, पोराला सांगावं लागेल म्हणून ते लक्ष देईल.

खर्च एका दिव्याचा आणि चार चटयांचा. भोजनदानानंतर वही फिरेल, तिच्यात आपलं नाव आणि पाळी लिहा. सोमवारी सहाला कुलूप काढू. जय भीम, नमो बुद्धाय.