सैराट बघितला, धडकही बघितला

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आम्ही छावणीतल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. गुरुवारी छावणीचा बाजार असतो, त्या दिवशी कुणालाच सवड नसते. म्हणून आमची बैठक शुक्रवारी दुपारी असते. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की चहा उकळेपर्यंत गप्पा निघतात. अशाच एका बैठकीत आमच्यातल्या एकीची बारावीला असलेली लेक म्हणाली, "सैराट म्हणजे त्या धडकची मराठी कॉपी ना?"

आम्ही सगळ्या हसलो. मग लक्षात आलं, पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिनं टीव्हीवर आधी धडक बघितला होता. जे आधी दिसलं, तेच तिला मूळ वाटलं. त्यावरून वाद सुरू झाला. एक म्हणाली, नक्कल ती नक्कलच. दुसरी म्हणाली, नक्कल कधी कधी मूळापेक्षा सरस होते. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या शहराला ही गोष्ट नवी नाही. बीबी का मकबरा बघायला आलेला पाहुणा पहिल्यांदा काय म्हणतो? "ताजमहालासारखाच आहे, पण लहान." मकबऱ्यात संगमरवर थोडाच वापरलाय, बाकी चुन्याचं काम. ताजची सर त्याला नाही, हे आपणही मान्य करतो. तरी सुट्टीच्या दिवशी लेकरं घेऊन आपण तिथं जातोच. म्हणजे एखादी गोष्ट दुसरीवरून बेतली म्हणून ती टाकाऊ होत नाही. ती कशी बेतली, ते बघावं लागतं.

आता घरातलंच उदाहरण घ्या. 'आई कुठे काय करते' आपल्यापैकी किती जणींनी बघितली! अरुंधतीनं घरासाठी सगळं केलं आणि नवऱ्याचं लक्ष दुसरीकडे. ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. हिंदीतली 'अनुपमा' आली जुलै २०२० मध्ये. आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाटायचं की मराठीवाल्यांनी हिंदीची नक्कल केली. खरं तर मराठी आधी आली. आणि दोघींची आई तिसरीच आहे, 'श्रीमोयी' नावाची बंगाली मालिका, २०१९ ची. तिथून ही गोष्ट तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड अशी सगळीकडे गेली. एका बंगाली बाईची कथा देशभरच्या बायांना आपलीच वाटली, कारण "तू घरात बसून करतेस काय?" हा प्रश्न सगळ्याच भाषांत विचारला जातो. गोष्ट उचलली म्हणून आम्हाला राग आला नाही. अरुंधती आपल्या घरात, आपल्या भाषेत बोलली, हे आवडलं.

'अशी ही बनवाबनवी'चंही तसंच. १९८८ चा हा सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून घेतलेला. घर मिळावं म्हणून पुरुष बायकांचा वेष घेतात, ही कल्पना तिकडची. पण आज मूळ सिनेमाचं नाव किती जणींना माहीत आहे? लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन लुगडं-साडी नेसून आले, अशोक सराफ त्यांच्या मागे उभे राहिले, आणि ती गोष्ट पुरती मराठी झाली. इथं नक्कल मूळापेक्षा पुढे गेली.

मग सैराट आणि धडकच्या बाबतीत आमच्या मनाला का खटकलं? ते नीट कळावं म्हणून आम्ही ठरवलं, दोन्ही सिनेमे एकत्र बसून बघायचे. एका रविवारी सैराट, पुढच्या रविवारी धडक. ज्यांची लेकरं मोठी आहेत, त्यांनी त्यांनाही आणलं.

सैराट नागराज मंजुळे यांचा. एप्रिल २०१६ मध्ये आला आणि मराठी सिनेमानं पहिल्यांदाच शंभर कोटींच्या वर गल्ला केला. ते करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि सिनेमाही त्याच भागातला. विहीर, उसाचे फड, पाटलाचा वाडा, सगळं आपल्या ओळखीचं. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. पाटलाची पोर, आणि परशा मासेमारी करणाऱ्या घरातला. वर्गात दलित साहित्य शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली आर्चीचा भाऊ वाजवतो, आणि त्याबद्दल घरात त्याला कुणी रागवत नाही. एवढ्या एका प्रसंगात गावात कोणाचं चालतं, ते कळतं.

धडक जुलै २०१८ चा. गोष्ट राजस्थानात उदयपूरला नेली. मुलगी राजघराण्यातली, मुलगा हॉटेलवाल्याचा. झिंगाटची चाल तीच, संगीतकारही तेच अजय-अतुल. महाल सुंदर, तलाव सुंदर, कपडे सुंदर. पण जात? तिचा उल्लेख येता येता निघून जातो. बघणाऱ्याला वाटतं, भांडण गरीब-श्रीमंतीचं आणि राजकारणाचं आहे. आमच्यातली एक म्हणाली, "मीठ टाकायचं विसरले बघ." आम्हाला ते पटलं. ज्या कारणानं त्या दोघांना गाव सोडावं लागतं, तेच कारण पुसट केलं, तर मग ते पळाले तरी कशाला?

पळून गेल्यावरचा भागही बघा. सैराटमध्ये ते हैदराबादला जातात. आर्चीला भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, झोपडपट्टीतला वास सहन होत नाही. अक्का त्यांना आधार देते. आर्ची कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तेलुगू शिकते. प्रेमविवाहानंतर घर कसं उभं राहतं, त्यातली भांडणं, संशय, हात उगारणं, पुन्हा जुळणं, हे सगळं त्यात सावकाश येतं. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे तो त्यामुळेच. आमच्यातल्या ज्या बाया लग्न होऊन दुसऱ्या मुलखातून इथं आल्या, त्या हा भाग बघताना अगदी गप्प होत्या.

आणि शेवट. सैराटमध्ये माहेरचे लोक आईनं दिलेल्या भेटी घेऊन येतात. आर्ची त्यांना चहा करून देते. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शेजारणीकडून परत आलेलं लेकरू, त्याची पावलं, आणि आवाज अजिबात नाही. धडकमध्ये नवरा आणि बाळ मारले जातात, ती जिवंत राहते, आणि मग पडद्यावर अशा हत्यांबद्दलची ओळ येते.

यावर आमच्यात एकमत झालं नाही. एक आजी म्हणाल्या, "निदान पोरगी तरी वाचली. सगळ्याच पोरी मेल्या तर आम्ही बघायचं कशासाठी?" दुसरी म्हणाली, "वाचली म्हणता, पण तिचं उरलं काय?" तिसरी म्हणाली, "सैराटमध्ये ओळ लिहावी लागली नाही. ती पावलंच पुरेशी होती." आम्हाला तिन्ही म्हणणी खरी वाटली.

पण त्या दिवशी एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. आमच्यातल्या एकीच्या परवानगीनं सांगतोय, नाव सांगणार नाही. तिच्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, त्याला काही वर्षं झाली. घरानं नाव टाकलं. मध्यंतरी घरातले पुरुष अचानक म्हणायला लागले, "झालं गेलं विसरू, पोरीला घरी बोलावून घेऊ." आईला आनंद झाला. पण सैराटमधला चहाचा प्रसंग तिच्या डोक्यातून जाईना. तिनं कुणाला न सांगता मुलीला फोन केला आणि म्हणाली, "तू येऊ नकोस. मीच येते." ती एकटी गेली, नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. कदाचित घरच्यांच्या मनात खरंच काही वाईट नसेल. ती स्वतःही तसंच म्हणते. पण तिनं आधी खात्री केली. हे सांगताना ती रडली आणि आम्हीही.

ती धडक बघून असं वागली असती का? आम्हाला नाही वाटत. घात करणारा माणूस हसत, पिशवी घेऊन दारात येतो, हे सैराटनं तिला दाखवलं, आणि ते तिच्या ओळखीच्या घरात, तिच्या भाषेत दाखवलं.

म्हणून आमचं मत असं झालं. गोष्ट दुसऱ्या मुलखात नेताना माणसं बदला, गाव बदला, गाणी बदला. पण गोष्टीतलं दुखणं बदलू नका. २०२५ मध्ये 'धडक २' आला, तोही रिमेकच, 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ सिनेमाचा. त्यात जात उघड बोलली आहे. म्हणजे हिंदीत ते जमतं. दोष रिमेकचा नसतो, सोपं करून टाकण्याचा असतो.

जाता जाता एक कामाची माहिती. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा असेल, तर लग्न हा त्यांचा निर्णय आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीनं किंवा जमावानं आडवं येणं बेकायदा आहे, आणि अशा जोडप्यांच्या मदतीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा. धोका वाटला तर ११२ वर पोलिसांना आणि १८१ वर महिला हेल्पलाइनला फोन करता येतो. हे दोन आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आम्ही लिहिलेत.

आणि तुमच्या गटातही असे दोन सिनेमे लागोपाठ बघा. पोरींना सोबत बसवा, पोरांनाही बसवा. सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. काय वगळलं आणि का वगळलं, एवढंच एकमेकींना विचारा. आमच्या त्या बारावीच्या पोरीनं सैराट संपल्यावर एकच प्रश्न विचारला, "त्या लेकराला पुढे कुणी सांभाळलं असेल?" त्याचं उत्तर आम्हाला अजून देता आलेलं नाही.