गोडसे भटजींची वाटचाल

अजिंठ्याच्या डोंगरांच्या आश्रयानें वसलेलें धावडा हें गांव आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत मोडतें. या बाजूचा मुलूख एकेकाळीं फौजांच्या टापांखालीं तुडवला गेला होता. १८०३ सालच्या सप्टेंबरांत दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याचा तळ भोकरदनापासून जाफराबादेपर्यंत पसरला होता. २३ सप्टेंबर रोजीं केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यांत, असई गांवापाशीं, जनरल वेलस्लीनें त्या सैन्यावर हल्ला चढविला. संध्याकाळपर्यंत मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या होत्या आणि इंग्रजांकडील दीड हजारांवर माणसें ठार वा जखमी होऊन पडलीं होतीं. पुढें नेपोलियनचा पाडाव केलेल्या या सेनापतीला म्हातारपणींहि आपली उत्तम कामगिरी म्हणून असईचेंच स्मरण होत असे.

या लढाईविषयीं इंग्रजींत खलिते आहेत, पत्रें आहेत, नकाशे आहेत. परंतु ती आटोपल्यावर आठ-पंधरा दिवसांनीं खांद्यावर पडशी टाकून त्या नदीकांठानें जो कोणी वाटसरू गेला असेल, त्यानें काय पाहिलें? कोणत्या गांवीं त्याला पाणी मिळालें, कोणत्या गांवीं दार उघडलें नाहीं? पुढच्याच वर्षीं दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां या वाटांनीं कोण कोणीकडे गेलें? यांतलें एक अक्षरहि त्या वाटसरूच्या हातचें आपल्यापाशीं नाहीं. मराठी माणसानें पुष्कळ लढाया केल्या, त्यांच्या बखरीहि लिहिल्या. पण लढाईनें होरपळलेल्या मुलखांतून पायीं चालत गेलेल्या साध्या माणसाची हकीकत त्यानें क्वचितच लिहिली. अशी एक हकीकत मात्र सुदैवानें उरली आहे. ती असईनंतर चोपन्न वर्षांनीं घडलेल्या प्रवासाची आहे, आणि योगायोग असा कीं, त्या प्रवासाचें निमित्तहि शिंद्यांच्याच घराण्यांतून उत्पन्न झालें.

दौलतराव शिंदे १८२७ सालीं वारले. त्यांच्या पत्नी बायजाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षें हयात होत्या. या बाई मथुरेस सर्वतोमुख नांवाचा मोठा यज्ञ करणार असून त्यांत लाखों रुपये खर्च होणार आहेत, अशी वार्ता १८५७ सालच्या आरंभीं कोंकणांत येऊन थडकली. पेणजवळच्या वरसई गांवीं विष्णुभट गोडसे नांवाचे तिशीच्या घरांतले एक याज्ञिक ब्राह्मण राहत असत. घरीं वृद्ध आईबाप होते आणि डोक्यावर कर्ज होतें. उत्तरेस जावें, यज्ञांत दक्षिणा मिळवावी व ऋणांतून मोकळें व्हावें, असा त्यांनीं बेत केला. त्यांचे चुलते रामभट हे बरोबर निघाले. यापलीकडे या प्रवासाला दुसरा हेतु नव्हता. बंडाचा त्यांना पत्ता नव्हता आणि इतिहासाचा साक्षी होण्याची हौस तर मुळींच नव्हती.

आजच्या तरुण मंडळींना पाठीवर पिशवी टाकून परक्या मुलखांत भटकण्याची आवड लागली आहे. ती चांगलीच आहे. परंतु त्या काळचा भिक्षुक कोणत्या सामानावर हजार मैलांची वाट तुडवीत असे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. एक पडशी, तींत धोतरजोडी व पोथी, तांब्या आणि दोरी, आणि कमरेला कसा. रेल्वेचा रस्ता त्या वेळीं मुंबईहून थोडाच पुढें सरकला होता. नर्मदेपलीकडे जायचें म्हणजे कोस मोजीत जायचें. ओळखीच्या गृहस्थाच्या घरीं किंवा धर्मशाळेंत उतरायचें, स्वतःच्या हातानें अन्न शिजवायचें आणि पुढच्या मुक्कामाची चौकशी वाटेंत भेटेल त्याच्यापाशीं करायची. वर्तमानपत्र नाहीं, तार सरकारची. म्हणून रस्त्यावरील माणसाच्या तोंडची बातमी हीच एक बातमी; ती खरीहि असे आणि खोटीहि असे.

महूच्या सुमारास या चुलत्या-पुतण्यांना पलटणींतले शिपाई भेटले आणि लौकरच मोठी गडबड उडणार आहे अशी सूचना त्यांनीं दिली. काडतुसांचा विटाळ, धर्म बुडविण्याचा सरकारचा बेत, यांसंबंधीं शिपायांत जें बोललें जात होतें तें भटजींनीं तेथें ऐकलें. तें सगळें खरें होतें असें नव्हे. पण हजारों माणसें ज्यावर विश्वास ठेवून जिवावर उदार झालीं तें बोलणें कोणत्या शब्दांत चाललें होतें, हें कळण्यास भटजींच्या लिहिण्यासारखें साधन दुसरें फारसें नाहीं. येथून मागें फिरणें शक्य होतें. तथापि रिकाम्या हातानें घरीं जाऊन सावकाराला काय सांगावयाचें? दोघे पुढें निघाले. दरिद्री मनुष्याचें धैर्य बहुधा असेंच उत्पन्न होतें; त्याला मागें फिरण्याची ऐपत नसते.

यज्ञाचें तें दान त्यांच्या पदरांत कधीं पडलें नाहीं. उज्जयिनी, धार, ग्वाल्हेर असें फिरत ते झांशीस पोंचले. तेथें महाराष्ट्रीय ब्राह्मणांचा मोठा समाज होता, दरबारीं राबता होता, आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास त्यांना कांहीं महिने सुखाचे मिळाले. भटजींनीं राणीला पाहिलें तें पुतळ्यांतल्या घोडेस्वाराप्रमाणें नव्हे. तिची व्यायामाची वेळ, देवधर्म, कचेरींतले काम, कोणत्या प्रसंगीं कोणता पोषाख, असल्या घरगुती गोष्टी त्यांच्या नजरेंत भरल्या. राणीच्या चरित्रकारांना त्यांचा आधार वारंवार घ्यावा लागतो, याचें कारण हेंच.

१८५८ सालच्या मार्च महिन्याच्या शेवटच्या भागांत सर ह्यू रोज यानें झांशीला वेढा दिला. १ एप्रिल रोजीं मदतीस आलेले तात्या टोपे बेतवेच्या कांठीं पराभव पावले. ३ एप्रिल रोजीं गोरे सैन्य तट चढून शहरांत शिरलें, आणि दुसऱ्या रात्रीं राणी किल्ल्यांतून निसटली. इतिहासाचें पुस्तक येथून राणीच्या घोड्यामागें काल्पीकडे धांवतें. भटजी मात्र शहरांतच अडकले होते. म्हणून त्यांच्या लिहिण्यांत शहर उरतें.

तीन-चार दिवस कत्तल चालली. भटजी व त्यांचे चुलते इतर मंडळींबरोबर लपून बसले होते. लुटीचाहि एक क्रम होता. आधीं गोऱ्या शिपायांनीं सोनें, चांदी व रोकड नेली. मागून आलेल्या पलटणींनीं तांब्यापितळेचीं भांडीं उचललीं. त्यानंतर कपड्यांची पाळी आली आणि सरतेशेवटीं धान्याची. ज्याच्या घरीं पहिल्या दिवशीं कांहीं सांपडलें नाहीं, त्याच्या घरीं तिसऱ्या दिवशीं पीठहि उरलें नाहीं. भटजींच्या कमाईचा पैसा यांतच गेला. रोजच्या फौजेंत हैदराबाद कंटिंजंटचें दळ होतें, आणि त्या कंटिंजंटच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली अशा ठिकाणीं असत, हें येथें सांगणें जरूर आहे. झांशीच्या घरांत शिरणारा शिपाई नेहमींच समुद्रापलीकडून आलेला नव्हता. मराठवाड्याच्या रस्त्यांची धूळहि त्यांतल्या कित्येकांच्या पायांस लागलेली होती.

या वर्णनांत सर्वांत मनाला चटका लावणारी जागा प्रेतांची नाहीं, पुस्तकांची आहे. झांशीच्या राजवाड्यांत हस्तलिखितांचा मोठा संग्रह होता. मागील राज्यकर्त्यांनीं वेद, भाष्यें, शास्त्रें, पुराणें जमवून तीं निगुतीनें बांधून ठेवलीं होतीं, आणि दूरदूरच्या शास्त्र्यांना एखाद्या ग्रंथाची नक्कल हवी झाली तर ती येथून मिळत असे. तो संग्रह या धामधुमींत नष्ट झाला. ज्याचा स्वतःचा पैसा लुटला गेला आहे, जो दोन दिवस उपाशी आहे, असा एक भिक्षुक फाटलेल्या पोथ्यांसाठीं हळहळतो, हें वाचतांना त्याच्या बाकीच्या भोळसट समजुती विसरावयास होतात.

समजुती भोळसट आहेत, यांत संशय नाहीं. भटजी ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांची फारशी फारकत करीत नाहींत. तिथिवारांचा मेळ कित्येक ठिकाणीं बसत नाहीं. सोंवळेंओवळें, जेवणाचा थाट, कोणी किती दक्षिणा दिली, यांचा तपशील ते लढाईइतक्याच आस्थेनें देतात. जातीचा अभिमान तर पानोपानीं आहे. एखादा कडक परीक्षक यावरून त्यांना बाजूला सारील. परंतु त्यांचा मोठा गुण असा कीं, त्यांना आपली भीति लपवितां येत नाहीं. गोऱ्यांची जशी भीति, तशीच मोड होऊन पळत सुटलेल्या बंडवाल्या शिपायांचीहि भीति. वाटेवरील माणसाला दोन्ही बाजूंच्या बंदुकी सारख्याच लांब दिसतात, ही गोष्ट विजयी सेनापतीच्या खलित्यांत सांपडावयाची नाहीं आणि देशभक्ताच्या व्याख्यानांतहि सहसा सांपडत नाहीं.

झांशीहून बाहेर पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं भटजींना राणी पुन्हां दिसली. पराभवानंतर ती थोड्या स्वारांनिशीं निघाली होती. पुरुषी पोषाख, अंग धुळीनें माखलेलें, तहान लागलेली. भटजी पाणी शेंदून देण्यास पुढें झाले, पण विद्वान् ब्राह्मणाकडून ही सेवा घेणें तिला प्रशस्त वाटलें नाहीं. तिनें स्वतः पाणी ओढलें आणि मातीच्या भांड्यांतून ओंजळीनें प्यायली. कांहीं महिन्यांपूर्वीं जिच्या दरबारीं हा ब्राह्मण हात पुढें करून उभा होता, तिच्या आणि त्याच्यामध्यें आतां एक दोरी आणि एक मडकें इतकेंच होतें. थोड्याच आठवड्यांनीं, जून महिन्यांत, ग्वाल्हेरपाशीं ती लढाईंत पडली.

भटजी पुढें चित्रकूट, ब्रह्मावर्त, काशी अशा क्षेत्रांतून हिंडले. हा मुलूख जळून गेलेला होता. अशा वेळीं परगांवच्या माणसाचें नुसतें बोलणेंहि त्याच्या जिवावर येऊं शकतें. त्यांतून हे बोलून-चालून दक्षिणी ब्राह्मण, आणि बंडाचे नायक नानासाहेब व तात्या टोपे हेहि दक्षिणीच. तरीहि त्यांनीं स्नानें केलीं, दर्शनें घेतलीं आणि क्षेत्रांचें वर्णन करतांना कोठें काय पाहिलें तें रसानें लिहिलें. हें कोणास विचित्र वाटेल. पण भोंवतालीं सर्व मोडून पडलें असतां मनुष्य नेमके आपले रोजचे नेम घट्ट धरतो. त्यांत भाबडेपणा थोडा आणि जगण्याची युक्ति अधिक असते.

ही हकीकत कागदावर आली ती सुमारें पंचवीस वर्षांनीं. इतिहाससंशोधक चिंतामण विनायक वैद्य यांच्या घराण्याचे भटजी हे उपाध्ये. प्रवासांतल्या गोष्टी त्यांनीं तोंडीं पुष्कळदां सांगितल्या होत्या. त्या लिहून काढा, असा वैद्यांनीं आग्रह धरला. लिहिलें तरी तें छापण्यासारखे दिवस नव्हते. शेवटीं १९०७ सालीं, भटजींच्या पश्चात्, वैद्यांनीं ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला. मात्र छापतांना त्यांनीं मजकुरांत पुष्कळ फेरफार केले; कांहीं गाळलें, कांहीं सरळ केलें, भाषेवरहि हात फिरविला. त्या काळचें सरकार ध्यानीं घेतां वैद्यांना फार दोष देतां येत नाहीं. तरी पण, विद्वानानें भिक्षुकाची भाषा सुधारली म्हणजे भिक्षुकाचा आवाज तेवढा कमी होतो. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत राहिलें होतें. त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं मूळ पाठ छापला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें मराठी वाचक जें पुस्तक भटजींचें म्हणून वाचीत होता, तें निम्में वैद्यांचें होतें. घरांतल्या कपाटांत जुनी प्रत असेल तर ती टाकूं नये. पण पोतदारांची प्रत शेजारीं ठेवून दोन्ही ताडून पाहाव्या. एखादें वाक्य कोणत्या कारणानें गाळलें असेल, याचा तर्क करण्यांत चार रात्री आनंदानें जातील.

परत येतांना भटजींनीं गंगेची कावड खांद्यावर घेतली. कावड म्हणजे बांबूच्या दोन टोकांना लोंबणारें ओझें. त्यांतलें पाणी सांडूं नये, विटाळूं नये, अशी चाल चालावयाची. ज्या माणसाचें सोनेंनाणें झांशींत गेलें, त्याच्या जवळचें हें पाणी लुटण्याची कोणास इच्छा झाली नाहीं. नर्मदा मागें पडली, सह्याद्रि आला, घाट उतरला. दोन वर्षांहून अधिक काळानें ते वरसईस पोंचले, तेव्हां आईबाप जिवंत होते. मुलानें त्यांना त्या पाण्यानें स्नान घातलें.