फ्लूची भाऊबंदकी



साथीचं गणित मांडायची मूळ रीत साधी आहे. लोकांचे तीन गट पाडायचे: लागण होऊ शकेल असे, आजारी आणि बरे झालेले. कोण कोणत्या वेगानं एका गटातून दुसऱ्यात जातं, ते समीकरणात लिहायचं. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली ही मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा पडताळ्याला आकडे घेतले ते आपल्या मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगबळींचे.

फ्लूपुढे मात्र हे तीन गट पुरत नाहीत. बरा झालेला माणूस नेमक्या कोणत्या फ्लूतून बरा झाला, हे विचारावं लागतं. हे विषाणू एकमेकांचे भाऊबंद. एकानं गाठलेलं शरीर त्याच्या चुलतभावालाही थोडंफार अडवतं. नातं जितकं जवळचं, तितका अडसर मोठा. सगळ्यांचा डोळा त्याच माणसांवर, म्हणून एकाची साथ येऊन गेली की दुसऱ्याचा वाटा घटतो.

१९५७ साली फ्लूचा एच२एन२ हा प्रकार आला आणि आधीचा एच१एन१ माणसांतून नाहीसा झाला. १९७७ मध्ये तो परतला, तेव्हा सापडली ती मुख्यतः पंचविशीच्या आतली मंडळी. थोरल्यांच्या शरीराला त्याची जुनी ओळख होती.

आता गणितज्ञाची पंचाईत पाहा. दहा प्रकार धरले, तर एखाद्याला त्यांतले कोणकोणते होऊन गेले असतील याच्या शक्यता होतात १,०२४. वीस धरले तर दहा लाखांच्या वर! २००२ साली ज्युलिया गॉग आणि ब्रायन ग्रेनफेल यांनी यावर तोड काढली. माणसाचा पूर्वेतिहास विचारूच नका; आज तो कोणाला दाद देणार नाही, एवढंच मोजा. त्यासाठी असं धरायचं, की अर्धवट संरक्षण म्हणजे काहींना पूर्ण आणि बाकीच्यांना मुळीच नाही. मग प्रत्येक प्रकारामागे दोनच समीकरणं पुरतात. शरीर इतकं काटेकोर वागत नाही, हे उघडच आहे. तरी मला ही सोयीस्कर लबाडी फार आवडते. तिच्यामुळे वीस प्रकारांचा हिशेब चाळीस समीकरणांत बसतो.

अशा भाऊबंदांचं अलीकडचं उदाहरण म्हणजे बी फ्लूचे दोन वंश, व्हिक्टोरिया आणि यामागाता. ते वर्षानुवर्षं सोबत फिरत होते. कोविडच्या टाळेबंदीत दोघांचीही कोंडी झाली. व्हिक्टोरिया परतला, यामागाता मार्च २०२० नंतर खात्रीनं कुठे आढळलेला नाही. ज्याची लागण मुळात जरा सावकाश पसरते, त्याची साखळी अशा वेळी आधी तुटते, असं समीकरणं सांगतात. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं यामागाताला लशीतून वगळण्याचा सल्ला दिला.