स्वागताध्यक्षांचे भाषण : शिल्पकार संमेलन, अमरावती

अध्यक्षमहाराज, दुरून आलेले शिल्पकार बंधू-भगिनी आणि आमची अकोल्याची मंडळी,

अंबानगरीत आपलं स्वागत. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन याच गावी भरलं. शंकरन नायर अध्यक्ष, टिळक तुरुंगात आणि स्वागताध्यक्ष आमचे दादासाहेब खापर्डे! तेच पद आज माझ्याकडे, म्हणून काल डोळ्याला डोळा लागला नाही. निम्मी रात्र बडनेऱ्याच्या फलाटावर पाहुण्यांची वाट पाहण्यात गेली, ते वेगळं.

इथे आलात तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहिल्याशिवाय जायचं नाही. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली ते उभं केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पोरांनी तिथे कबड्डी खेळून दाखवली. कार्यवाह खुणावताहेत, पण हे विषयांतर नव्हे. मल्लखांबाला मांड्यांची पकड घालून पोरगा उलटा लोंबतो, तेव्हा पाठीपोटऱ्यांचा एकेक स्नायू सुटा दिसतो. उद्या पहाटे सहाला तिकडे न्यायची सोय केली आहे. वह्या आणा.

आता राम सुतार, ज्यांच्या कामावर हे संमेलन आहे. १९२५ साली धुळ्याजवळच्या गोंदूरला जन्म; गुरू श्रीराम जोशींच्या प्रोत्साहनाने जे. जे. गाठलं, १९५३ मध्ये मेयो सुवर्णपदक मिळवलं. मग पुरातत्त्व खात्यात राहून १९५४ ते ५८ अजिंठा-वेरूळच्या भग्न मूर्तींची डागडुजी. अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की आमचा बुलढाणा, तेव्हा शेजारी म्हणून एवढा हक्क वऱ्हाडाला सांगू द्या. सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याबद्दल इतर वक्ते बोलतीलच. माझं मन गांधीसागर धरणावरच्या चंबळदेवीत अडकलंय : ४५ फुटी काँक्रीटच्या एकाच ठोकळ्यातून छिन्नीने काढलेली आई, आणि तिला बिलगलेली दोन लेकरं, मध्य प्रदेश आणि राजस्थान. अमरावती-अकोल्याच्या मधेही अशी एक आई बसवायला हवी. पंजाबराव आमचे, पण त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्याला झालं, ते आम्ही अजून मनात ठेवलंय!

उणिवा पुष्कळ आहेत. मांडवात पंखे कमी पडले, गाद्या पातळ आहेत, डासांवर समितीचा इलाज चालला नाही. प्रात्यक्षिकाला आमची काळी माती देणार होतो; वाळताना ती तडकते, म्हणून ऐनवेळी शाडू मागवली. ओल्या गोणपाटाखाली ठेवली आहे, कृपया त्यावर बसू नये.

गोणपाट कापूस बाजारातल्या अडत्यांचे. संत्री वरुड-मोर्शीच्या बागायतदारांची, सतरंज्या आणि पातेली गणेश मंडळांची. एका दात्याने नाव न सांगण्याच्या अटीवर जनरेटर दिला. तो मांडवामागे उभा आहे, म्हणजे दाता. जनरेटर अजून वाटेत आहे. ज्या भगिनी पहाटेपासून गिलावडे तळताहेत त्यांचे आभार मानताना मात्र मी थोडा भिऊन आहे, कारण भाषण लांबलं तर वडे गार होतील.

अध्यक्षमहाराज, माईक आपल्या स्वाधीन करतो. तो जरा लांब धरा, जवळ नेला की शिटी मारतो.